अ. खाँ. मार.

गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत, म्हणजे आता पंगत कसली, बुफेच्या रांगेत, पुण्याच्या एका पाहुण्यांनी मला गाठलं. "तुम्ही इंदूरचे! म्हणजे गाणं रक्तातच असणार. लताबाई तिथल्या, अमीर खाँसाहेब तिथले, शेजारी देवासला कुमार गंधर्व, आपले कुमारजी. घरोघरी संस्कार!" माझ्या तोंडात गुलाबजाम होता, म्हणून मी नुसती मान हलवली. तो गिळून होईस्तोवर पाहुणे संस्कारांवरून हल्लीच्या पिढीवर आणि तिथून आइस्क्रीमवर पोचले होते. तेव्हा राहून गेलं ते आता इथे लिहितो. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या रक्तात शेव होती हो. गाणं नव्हतं.

लताबाई २८ सप्टेंबर १९२९ ला सिख मोहल्ल्यात जन्मल्या हे खरं, पण त्यात माझं काय कर्तृत्व? मी सिख मोहल्ल्यात जाऊन आयुष्यात एकच काम केलंय, सायकलचं पंक्चर काढून घेतलं.

घरात गाणं होतं, नाही असं नाही. बाबांचा रेडिओ होता. त्याला आईने शिवलेलं कव्हर, कव्हराला पुढे दोन बटणं, आणि ती उघडायचा अधिकार फक्त बाबांना. रविवारी नाट्यसंगीत लागलं की आम्हा भावंडांना मांडी घालून समोर बसवायचे. "ऐका. कान तयार होतो." कान तयार होत होता की नाही माहीत नाही, पायाला मुंग्या मात्र यायच्या. आमच्याकडे एरंडेलही रविवारीच मिळायचं. त्यामुळे ही दोन्ही एकाच बाटलीतून येतात असं माझ्या डोक्यात जे बसलं, ते कॉलेजात जाईपर्यंत निघालं नाही. बाबांची निवड उत्तम होती हे आज कळतं. पण त्या उत्तम निवडीमुळेच मी चांगल्या गाण्यापासून दहा वर्षं लांब पळालो, हेही तितकंच खरं. आमच्या मराठी घरांतल्या संस्कारांचं हे असं असतं, आणि ते कोणी बुफेच्या रांगेत सांगत नाही.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला, सिनेमाच्या गाण्यांची क्रमवारी. घरी अर्थातच बंदी. मग कोपऱ्यावरच्या पानवाल्यासमोर सायकली तिरक्या लावून आम्ही दहा-बारा जण. सगळ्यात वरच्या पायदानावर कुठलं गाणं येणार यावर कचोरीची पैज. एका बुधवारी ही पैज अशी पेटली की हरलेल्याने जिंकलेल्याची सायकल उचलून नाल्यात टाकली. ती काढायला पानवाल्यासकट सगळे उतरले, आणि वरचं गाणं कुठलं होतं ते कोणालाच ऐकू आलं नाही. पैज अजून अनिर्णित आहे.

आता मुद्द्याचं. साल १९८३.

जेल रोडवर एक कॅसेट भरून देणारा होता. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी तो रेकॉर्डवरून भरून ठेवायचा. हे कायद्यात बसतं का, असला प्रश्न तेव्हा अख्ख्या शहरात कोणाला पडत नव्हता. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. सिनेमाची गाणी कोणी साडेतीन मिनिटांचं, कोणी पाचाचं. कितीही जुळवा, शेवटी दोन-चार मिनिटांची टेप उरतेच. दुसरे दुकानदार ती तशीच कोरी सोडायचे. हा गृहस्थ उरलेल्या टेपवर स्वतःच्या आवडीचं काहीतरी भरायचा. न विचारता, न सांगता, जादा पैसे न घेता. फक्त आतल्या कार्डावर, आमच्या यादीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात नोंद करायचा. जितकी टेप तितकं गाणं. टेप संपली की गाणं जिथे असेल तिथे खट्.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी आम्ही रामबागेतले पाच जण पाताळपाण्याच्या धबधब्याला निघालो. वर्गणी काढून खास सहलीसाठी कॅसेट भरून घेतली होती, सगळी नाचायची गाणी. खांद्यावर एकाच्या काकांचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच, त्यात सहा मोठे सेल. टू-इन-वनचा ताबा ज्याच्याकडे होता त्याला आम्ही इंजिन म्हणायचो, कारण तो सतत शिट्टी वाजवायचा आणि कधीही वेळेवर यायचा नाही. तिकीट कोणीच काढलं नव्हतं. मीटर गेजची गाडी महू सोडून पाताळपाण्याला थांबली, तर फलाटावर काळा कोट उभा. आम्ही बाकाखाली. गाडी सुटली, घाट उतरली, बोगद्यांत आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि थेट कालाकुंडला पायउतार झालो. कालाकुंडला स्टेशनावर पानात कलाकंद मिळायचा, तो वाचलेल्या तिकिटाच्या पैशांत भरपेट खाल्ला. मग रुळांवरून चालत, चढ चढत, बोगद्यांतून गाणी वाजवत मागे पाताळपाणी. (माझ्या मुलीने आज असलं काही केलं तर मी काय करीन, हा वेगळा विषय आहे. तिने ही पोस्ट वाचू नये.)

धबधब्याजवळ पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाणी भरपूर, ऊन कोवळं, सगळे खडकावर आडवे. शेवटचं नाचाचं गाणं संपलं. थोडी खरखर. आणि मग एक जाडसर पुरुषी आवाज. एक सूर. थांबला. बराच वेळ काही नाही, मागे तबल्याचा एखादा ठोका, तोही इतका लांबवर की पुढचा येईल की नाही याची खात्री नाही. मग पुन्हा तोच सूर, जरा खालून.

इंजिन उठून बसला. "गेले. सेल उतरले."

ज्यांनी सेलवरचा टेप वापरलाय त्यांना सांगायला नको. सेल उतरले की किशोरकुमारसुद्धा विहिरीत पडल्यासारखा वाटायला लागतो. इंजिनचं निदान सगळ्यांना पटलं. सहाही सेल काढले, उन्हात तापलेल्या खडकावर ओळीने मांडले. दोघांनी दातांनी दाबून पाहिले, तोही तेव्हाचा एक मान्य उपाय होता. वीस मिनिटांनी परत बसवले. सेल वाचवायचे म्हणून कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीवर फिरवून मागे नेली. लावली. नाचाचं गाणं खणखणीत. सगळे खूश. गाणं संपलं, खरखर, आणि परत तो माणूस विहिरीत.

"बघ भिया," इंजिन म्हणाला, "एका गाण्यापुरताच जीव येऊन राहिलाय."

असं आम्ही तीनदा केलं. तिसऱ्यांदा सूर्य डोंगराआड गेलेला होता, खडक गार पडत होते, बाकीचे पाण्यात दगड मारायला निघून गेले होते आणि मी एकटाच तो टू-इन-वन मांडीवर घेऊन बसलो होतो. मला गाणं बिलकुल कळत नव्हतं. पण एक लक्षात आलं की हा माणूस कुठल्यातरी सुरावर येतोय, येतोय, आणि अगदी जवळ आला की बाजूने निघून जातोय. मी वाट बघत होतो. चार मिनिटं झाली. तो परत त्याच्याकडे वळला आणि

खट्.

गाडीत कार्ड काढून पाहिलं. सर्वांत खाली निळ्या बॉलपेनने: अ. खाँ. मार. इंजिनचं मत पडलं की दुकानदाराने कोणाला तरी धमकी लिहून ठेवली आहे.

मला कित्येक महिने वाटत होतं की गाणं एवढंच आहे. दुकानदाराला विचारावं, तर महिन्याभरात तो दुकान बंद करून कुठे गेला कळलं नाही. उरलेलं गाणं ज्या मार्गाने सापडलं त्याचा तर संस्कारांशी दुरूनही संबंध नाही.

१९८४ च्या होळीला लाकडं कमी पडली. होळीचं लाकूड विकत आणणं म्हणजे आमच्या वाड्यात नामर्दपणा समजला जायचा. शेजारच्या गल्लीत एक निवृत्त हिशेबनीस काका राहायचे, त्यांच्या ओसरीवर सागवानी बाकडं होतं. रात्री एक वाजता चौघांनी ते उचललं. मी मागच्या डाव्या पायाला होतो. बाकडं छान जळलं, सागाला तेल असतं. सकाळी राखेत लोखंडी पट्ट्या सापडल्या, आणि काकांनी त्या पट्ट्या हातात घेऊन पाच घरांचे उंबरठे झिजवले. बाबांनी मला धुतला तो भाग सोडतो. निकाल असा लागला की बाकड्याचे साठ रुपये मी भरायचे, महिना पाच प्रमाणे बारा हप्ते. बाकीचे तिघे सुटले, कारण नाव मी एकट्याने कबूल केलं. या मूर्खपणाचा मला आजही अभिमान आहे.

काका प्रेमळ वगैरे नव्हते. पहिल्या हप्त्याला पाच रुपये घेतले, वहीत लिहिलं, सही घेतली, दार लावलं. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्या हप्त्याला, म्हणजे जूनमध्ये, संध्याकाळी गेलो तर दार उघडं, काका डोळे मिटून खुर्चीत, कोपऱ्यात रेकॉर्ड फिरतेय. आणि तो विहिरीतला माणूस गात होता. न थांबता. जिथे माझं गाणं खट् करून संपायचं, त्याच्या खूप पुढे.

मी दारातच उभा राहिलो. बाजू संपेपर्यंत काकांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, "हप्ता?" मी पाचाची नोट दिली आणि विचारलं, की काका, हे कोण?

"इंदुरात राहून विचारतोस?" मग त्यांनी ज्या स्वरात सांगितलं तो स्वर मी बाकड्याच्या वेळीही ऐकला नव्हता. उस्ताद अमीर खाँ. वडील शाहमीर खाँ, सारंगिये. खाँसाहेब बंबई बाजारात राहायचे, तुझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटं. १९७४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. रेकॉर्डच्या एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मार. म्हणजे मारवा. मला इतकं हसू आलं की काकांना वाटलं मी थट्टा करतोय, आणि त्यांनी मला हाकलून दिलं.

पण चौथ्या हप्त्याला मी मुद्दाम संध्याकाळीच गेलो. पाचव्यालाही. सहाव्याला काकांनी बसायला सांगितलं. जमिनीवर, कारण बाकडं नव्हतं, आणि हे त्यांनी बोलूनही दाखवलं. गाणं समजावून सांगायची त्यांची पद्धत हिशेबनिसाचीच होती. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही, म्हणजे सूर उरले सहा. खाँसाहेब मेरुखंडाच्या अंगाने गायचे. सहा सुरांची उलटापालट करत गेलास तर सातशेवीस प्रकार होतात, सात असते तर पाच हजार चाळीस. "करून बघ," म्हणाले, आणि मला खरंच कागद दिला. ताल झुमरा, चौदा मात्रांचा, तोही अतिविलंबित. म्हणजे इंजिनला जे सेल उतरल्यासारखं वाटलं होतं ते खाँसाहेबांनी मुद्दाम, आयुष्यभर मेहनत करून कमावलेलं होतं. आणि तो जवळ येऊन बाजूने जाण्याचा प्रकार? तो सूर म्हणजे षड्ज, आपला सा. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्येच सगळा कारभार चालतो आणि षड्जावर माणूस टेकतच नाही.

"षड्ज थकबाकीत ठेवलाय," काका म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

मारव्याबद्दल नंतर मी बरंच वाचलं, जाणकारांची भाषणंही ऐकली. यापेक्षा नेमकं कोणी बोललेलं नाही.

गणपतीचंही सांगतो, त्याशिवाय इंदूरचं सांगणं पुरं होत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघायच्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. पुढे आखाडे, पट्टे फिरवणारी पोरं, मागे दिव्यांनी लखलखणारे देखावे, रात्रभर. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, पगार अडकले, तरी कामगारांनी वर्गण्या काढून झांकी बंद होऊ दिली नाही. कृष्णपुऱ्याच्या पुलावर तीन बँड एकदम अडकायचे आणि तीन वेगळी गाणी एकमेकांत घुसायची. मधे उभं राहून आपल्याला हवा तो क्लॅरिनेट वेगळा काढून ऐकायचा हा आमचा खेळ. बाबा म्हणायचे तो कान तयार झाला असेल तर इथे, रविवारच्या मांडीवर नव्हे.

१९८४ चा आमच्या मंडळाचा गणपती. मूर्तीपाशी रात्रभर राखणीला पोरं, म्हणजे पत्ते. भोंगा चालू, कारण तेव्हा रात्री दहाचा नियम कोणाला माहीत होता? पहाटे चारच्या सुमाराला टेपने नाचाच्या गाण्यांचं रीळ खाल्लं. गुंता काढायला कोणाच्या डोळ्यांत दम नव्हता. कुणाच्या तरी मावशीने सकाळच्या पूजेसाठी दिलेली कॅसेट पडली होती, ती मी घातली. कुमारजींची निर्गुणी भजनं. पोरांनी मला शिव्या घातल्या, पण उठून बदलायचाही कंटाळा केला.

तेवढ्यात सायकलवरून दूधवाला आला. दोन्हीकडे केटल्या, डोक्याला फेटा. थांबला. एक पाय जमिनीवर टेकून ऐकायला लागला, मग ओठ हलायला लागले. मग सायकल भिंतीला लावून, केटल्या तशाच टांगलेल्या, सरळ मंडपात येऊन बसला. "यो भजन तो म्हारा गाम में रात भर गावे हे." आणि गायला लागला. भोंग्यावर कुमारजी, खाली हा. शब्द तेच, चाल मात्र वेगळी, जास्त साधी, हाताने मांडीवर ठेका. दोन-तीन ओळींनंतर कुमारजी तारसप्तकात कुठेतरी निघून गेले तसा तो थांबला, भोंग्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "तमारा भईसाब तो आगे निकली ग्या."

कुमारजी १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले, पाच-सहा वर्षं गाणं बंद होतं, अंथरुणावर पडल्या पडल्या खिडकीतून माळव्याची लोकगीतं ऐकायचे, हे सगळं मी फार नंतर वाचलं. पण ते काय ऐकत असतील हे मला वाचायच्या आधी माहीत होतं. त्या दिवशी आम्ही त्या माणसाकडून पाच भजनं म्हणवून घेतली आणि त्याच्याच दुधाचा चहा त्यालाच पाजला. अर्ध्या रामबागेला दूध तासभर उशिरा मिळालं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत बायकांनी आमच्याविरुद्ध ठराव मांडला.

एवढ्या गोष्टी सांगितल्या, पण आमच्या वेळचं सोनं आणि आत्ताचं पितळ असला माझा सूर नाही. ती कॅसेट रद्दी होती. खाँसाहेबांच्या आवाजामागे कढईत जिरं तडतडल्यासारखं काहीतरी सतत चालायचं. आज फोनवर मारवा अखंड, स्वच्छ, फुकट आहे, आणि मी तो तसाच ऐकतो. माझी तक्रार फक्त पाहुण्यांच्या त्या ‘संस्कार’ शब्दाशी आहे. इंदूरच्या मराठी मंडळींना तो फार आवडतो. अहो, दुकानदाराने उरलेल्या टेपवर स्वतःची हौस भागवली, पोरांनी बाकडं चोरलं, मशीनने रीळ खाल्लं. यातलं संस्कार कुठलं? बाबांची नाट्यसंगीताची आवडही मला शेवटी लागली, पण ते गेल्यावर, आणि रविवार सोडून.

हप्त्यांचं राहिलंच. बाराही भरले. तेराव्या महिन्यातही मी सवयीने संध्याकाळी गेलो. काकांनी वही उघडली, बघितलं, म्हणाले, "खातं बंद झालंय." मग रेकॉर्ड उलटवून दरबारीची बाजू लावली. ओसरीवर नवं बाकडं आलेलं होतं. या वेळी साखळीने बांधलेलं.

लग्नाहून परत आल्यावर रात्री मी तो अख्खा मारवा इंजिनला पाठवला. सुदामा नगरात असतो, दोन नातवंडं, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, शिट्टी अजून वाजवतो. खाली लिहिलं, चाळीस वर्षांनी पूर्ण सापडलाय, शेवटपर्यंत ऐक. दोन दिवस निळ्या खुणा येऊन पडल्या होत्या, उत्तर नाही. आज सकाळी आलं.

"ऐकला. सेल बदल."